कॉपीराइटच्या तक्रारीमुळे लिस्टिंग (उत्पादनाचे पान) पुन्हा पुन्हा बंद पडतेय? फोटो बदलण्याआधी हे तपासा

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव या पट्ट्यातल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून एक गाऱ्हाणे सतत कानावर येते. हळद विकत असोत, बेदाणा, साड्या नाहीतर मिक्सरचे सुटे भाग. एके सकाळी उत्पादनाचे पान बंद दिसते आणि फोटोबाबत कॉपीराइटची तक्रार आल्याचा ईमेल येऊन पडलेला असतो. विक्रेता घाईघाईने तो फोटो काढतो, गूगलवर शोधून त्याच वस्तूचा दुसरा फोटो लावतो, पान सुरू होते. काही दिवसांनी पुन्हा तसाच ईमेल, फक्त तक्रारदार वेगळा. अशा तक्रारी साठत गेल्या की एका पानावर भागत नाही, अख्खे खाते गोठवले जाते. हे ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत झाले तर भरून ठेवलेला माल तसाच पडून राहतो आणि घाऊक व्यापाऱ्याचे पैसे मात्र द्यावेच लागतात.

फोटो बदलून हा त्रास थांबत नाही. दुकानातला प्रत्येक फोटो कुणी काढला, त्याचा हक्क कुणाकडे आहे आणि आपल्याला तो वापरायची परवानगी कुणी दिली, हे सांगणारा कागदच बहुतेकांकडे नसतो. खरा बिघाड तिथे आहे. तो दुरुस्त होईपर्यंत नवा लावलेला प्रत्येक फोटो ही नवी जोखीम असते.

आधी ईमेल शेवटपर्यंत वाचा

तक्रार आली म्हणजे ती कॉपीराइटचीच असेल असे नाही. ईमेलमध्ये कॉपीराइट, ट्रेडमार्क, बनावट माल किंवा ‘फोटो आणि वस्तू जुळत नाही’ यांपैकी एखादे कारण लिहिलेले असते, आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. कॉपीराइटची तक्रार फोटो, मजकूर किंवा पाकिटावरचे चित्र यांबद्दल असते. ट्रेडमार्कची तक्रार नाव आणि लोगोबद्दल असते. तिथे तुम्ही स्वतः काढलेला सुंदर फोटो लावला तरी ती मिटत नाही. बनावट मालाची तक्रार असेल तर खरेदीची जीएसटी बिले लागतात, फोटोशी तिचा संबंध नाही. पुष्कळ जण कारण न बघता फोटो बदलत बसतात आणि उत्तर द्यायची मुदत निघून जाते.

ईमेलमध्ये तक्रारदाराचे नाव, तक्रारीचा क्रमांक आणि नेमकी कोणती प्रतिमा, हे तीन तपशील शोधा. प्रतिमेचा दुवा दिला नसेल तर प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाकडे तो लेखी मागा. पानावर सात फोटो असतील आणि तक्रार चौथ्याबद्दल असेल तर पहिला बदलून काय उपयोग?

“टाका की बिनधास्त, माल आमचाच हाय”

बहुतेक प्रकरणांचे मूळ या वाक्यात सापडते. घाऊक व्यापारी व्हॉट्सअॅपवर मालाचे फोटो पाठवतो, विक्रेता विचारतो, “दादा, हे दुकानात लावले तर चालतील ना?” आणि समोरून हे उत्तर येते. दादांचा हेतू चांगला असतो. पण ते फोटो त्यांनी काढलेले नसतात. त्यांना ते सुरतेच्या किंवा इचलकरंजीच्या पुरवठादाराने पाठवलेले, त्याने ते एखाद्या ब्रँडच्या संकेतस्थळावरून उतरवलेले. साखळीतल्या एकाकडेही हक्क नाही, आणि ज्याच्याकडे हक्क नाही तो परवानगीही देऊ शकत नाही.

माल विकायचा हक्क आणि मालाचा फोटो वापरायचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शंभर साड्यांचे पक्के बिल तुमच्याकडे असले तर साड्या तुमच्या. मॉडेलने ती साडी नेसून काढलेला फोटो त्या बिलाने तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारा तिचा कर्ता. हा हक्क निर्माण व्हायला नोंदणी लागत नाही, फोटोवर नाव किंवा © चिन्ह असण्याचीही गरज नाही. ‘वॉटरमार्क नव्हता म्हणून घेतला’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. उलट असलेला वॉटरमार्क पुसून फोटो लावला असेल, तर तुम्हाला सगळे ठाऊक होते एवढेच त्यातून सिद्ध होते. खाली श्रेय देणे, फोटो आडवा उलटा करणे, पार्श्वभूमी बदलणे, रंग थोडा फिरवणे, यांनीही काही फरक पडत नाही. मूळ फोटो ओळखू येतोच, आणि प्रतिमा शोधणारी यंत्रणा तर तो माणसापेक्षा लवकर ओळखते.

कायद्यातली वाजवी वापराची सवलत खासगी अभ्यास, टीका, परीक्षण, बातमी अशा कामांसाठी आहे. विक्रीच्या पानावर वस्तू खपवण्यासाठी लावलेला फोटो त्यात बसवणे फार कठीण. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केल्यास किमान ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात स्पष्ट केले. फोटोंच्या वादात बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही, नोटीस आणि भरपाईवर मिटते. पण ‘फार तर फोटो काढून टाकायला सांगतील’ या समजुतीवर धंदा उभा करू नये.

म्हणून दादांना प्रश्न बदलून विचारायचा. “लावू का?” याऐवजी “हे फोटो कुणी काढले, आणि कंपनीने विक्रेत्यांना ते वापरायची परवानगी कुठे दिलीय?” बऱ्याच मोठ्या कंपन्या अधिकृत विक्रेत्यांसाठी फोटोंचा संच ठेवतात आणि डीलर करारात किंवा वेगळ्या पत्रात वापराच्या अटी लिहितात. एक ईमेल टाकला तर रीतसर फोटो मिळतात, तेही मोठ्या आकाराचे. मी तरी कंपनीकडे मागायच्या आधी गूगलवर शोधत बसणे हा वेळेचा अपव्ययच मानतो.

आणखी एक सोपी वाट. अॅमेझॉनसारख्या बाजारपेठेत एका उत्पादनाचे पान अनेक विक्रेत्यांत सामाईक असते. नामांकित ब्रँडचा मिक्सर विकायचा असेल तर नवे पान उघडून उचललेले फोटो चढवू नका. असलेल्या पानावर स्वतःची किंमत आणि साठा जोडा. तिथले फोटो पानाबरोबर येतात. मात्र तेच फोटो उतरवून स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा इन्स्टाग्रामवर लावायची मुभा त्यातून मिळत नाही.

फोटो काढून टाकला, तरी तक्रार का येते?

हा भाग नीट वाचा, कारण वारंवार होणाऱ्या तक्रारींचे तांत्रिक कारण इथे सापडते. पानावरून फोटो हटवला म्हणजे तो इंटरनेटवरून गेला असे होत नाही.

वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (संकेतस्थळ आणि त्यावरचे दुकान चालवायची साधने) दुकान असेल तर उत्पादन डिलीट केल्यावरही त्याचा फोटो मीडिया लायब्ररीत तसाच राहतो. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या आकाराच्या अनेक प्रती बनवून ठेवते आणि त्या प्रत्येकीला स्वतःचा थेट दुवा असतो. पान दिसत नसले तरी दुवा उघडतो, आणि तक्रारदाराचे प्रतिमा शोधणारे सॉफ्टवेअर नेमके तेच दुवे पकडते. म्हणून मीडिया लायब्ररीत जाऊन फोटो कायमचा डिलीट करा, मग ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत जुना दुवा उघडून पाहा. तरीही दिसत असेल तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) किंवा सीडीएनमध्ये (पान लवकर उघडावे म्हणून इतर सर्व्हरवर प्रती ठेवणारी सेवा) प्रत अडकलेली आहे, तिथून ती साफ करावी लागेल. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या सेवेवर उत्पादनाबरोबरच ‘फाइल्स’ हा विभागही बघा.

त्यानंतर दुकानाबाहेरच्या जागा. गूगलवर माल दाखवणाऱ्या मर्चंट सेंटरला जाणाऱ्या फीडमध्ये, म्हणजे उत्पादनांच्या यादीत, जुन्या फोटोचा दुवा असतो. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कॅटलॉगमध्ये वेगळी प्रत असते, व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये आणखी एक. थांबवलेल्या जाहिराती, जुन्या पोस्ट, दर महिन्याला गिऱ्हाइकांना पाठवायची पीडीएफ दरपत्रिका, तेही राहून जाते. शिवाय एकाच वस्तूचे पाव किलो, अर्धा किलो, एक किलो असे प्रकार असतील तर प्रत्येक प्रकाराला फोटो वेगळा जोडलेला असतो. मुख्य फोटो बदलला की सगळे बदलले असे वाटते आणि अर्ध्या किलोखाली जुनाच लटकत राहतो.

सगळ्यात वाईट म्हणजे गुगल ड्राइव्हवरचा किंवा फोनमधला ‘प्रॉडक्ट फोटो’ नावाचा सामाईक फोल्डर. दुकानात नवीन लागलेला पोरगा तिथून तोच फोटो उचलून पुन्हा चढवतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलेच नसते. वादातला फोटो त्या फोल्डरमधून काढून ‘वापरायचे नाही’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. मुळापासून पुसू नका. नोटीस आली तर आपण काय लावले होते हे दाखवायला प्रत लागते.

स्वतःच्या फोटोंचाही कागद हवा

स्टुडिओला पैसे देऊन काढून घेतलेले फोटो आपलेच, असे सगळे धरून चालतात. कायदा इथे विक्रेत्याच्या बाजूने आहे. कलम १७(ख) नुसार मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले, तर उलट करार नसल्यास सांगणारा पहिला मालक ठरतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून काढले तर मालकी धन्याची. अडचण ‘उलट करार नसल्यास’ या शब्दांत आहे. काही स्टुडिओंच्या कोटेशनमध्ये किंवा बिलामागे बारीक अक्षरांत छापलेले असते की हक्क स्टुडिओकडे राहतील आणि वापर ठरावीक काळापुरता. ते वाचूनच काम द्या.

मावसभावाने हौसेने, पैसे न घेता फोटो काढून दिले असतील तर हक्क त्याचा. आज तो काही म्हणणार नाही, पण उद्या त्याने तेच फोटो दुसऱ्याला दिले तर तुम्ही कशाच्या जोरावर अडवणार? दोन ओळींचे पत्र घेतले तर नात्यात काही बिघडत नाही. सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण सोशल मीडिया एजन्सीचे. तुम्ही एजन्सीला पैसे दिले, एजन्सीने फोटोग्राफर लावला. मग फोटो कुणाच्या सांगण्यावरून निघाला? यावर वाद होऊ शकतो, म्हणून एजन्सीच्या करारात ‘सर्व छायाचित्रांचे हक्क दुकानाकडे हस्तांतरित’ हे वाक्य आणि फोटोग्राफरचे संमतीपत्र दोन्ही मागा. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असेल तरच कायद्याने ग्राह्य धरले जाते.

फोटोत माणूस ओळखू येत असेल तर त्याचीही लेखी संमती घ्या, ती दुकानात काम करणारी ताई असली तरी. गिऱ्हाइकाने कौतुकाने पाठवलेला फोटो गिऱ्हाइकाचा आहे, “तुमचा फोटो आमच्या पेजवर लावू का?” असे विचारा आणि आलेले “हो” जपून ठेवा.

प्रसिद्ध चेहऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. मुझफ्फरनगरच्या एका सराफाने तनिष्कच्या जाहिरातीसारखाच अमिताभ आणि जया बच्चन यांचा फोटो फलकावर लावला होता. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तनिष्क ब्रँड चालवणाऱ्या टायटन कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात कॉपीराइटबरोबर त्या दोघांच्या व्यक्तिमत्त्वावरच्या हक्काचाही विचार झाला. लग्नसराईत नटीचा साडीतला फोटो लावून ‘सेम टू सेम’ लिहिणाऱ्या प्रत्येक दुकानाला हे लागू आहे.

फुकट फोटोंची संकेतस्थळे

अनस्प्लॅश, पेक्सेल्ससारख्या ठिकाणचे फोटो व्यावसायिक कामाला चालतात, पण फोटोत दिसणाऱ्या ब्रँडची परवानगी त्यात मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांत ‘एनसी’ असेल तर दुकानासाठी बाद, ‘एनडी’ असेल तर बदल करून वापरता येत नाही, ‘बाय’ असेल तर श्रेय द्यावेच लागते. स्टॉक फोटोवर (तयार विकत मिळणाऱ्या फोटोवर) ‘एडिटोरियल’, म्हणजे फक्त बातमी-लेखासाठी, असे लिहिले असेल तर विक्रीसाठी हात लावू नका.

मुळात उत्पादनासाठी असे फोटो वापरणेच मला पटत नाही. तासगावच्या बेदाण्याच्या पानावर परदेशी मनुक्यांचा फोटो लावला तर कॉपीराइट सुटेल, पण ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० आड येतील. बाजारपेठेवरच्या प्रत्येक विक्रेत्याला हमी द्यावी लागते की वर्णन आणि प्रतिमा वस्तूच्या प्रत्यक्ष रूपाशी, दर्जाशी जुळतात. हिरवा बेदाणा दाखवून पिवळा पाठवला की परतावा येतो आणि तक्रारही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चकचकीत चित्रांनाही हेच लागू. त्यात दुसऱ्याचा फोटो टाकून ‘थोडा वेगळा बनव’ म्हटले असेल, तर कॉपीराइटचा प्रश्नही तसाच उरतो.

आपल्या मालाचे फोटो आपणच काढा

ज्या मालाची ओळख सांगलीची आहे, त्याचा फोटो बाहेरून आणायची गरज काय? हळद फोनवर काढताना रंग हमखास फसतो, कारण फोनचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) पिवळ्याला थंड करायला बघतो. खिडकीच्या उजेडात, ऊन थेट न पडेल अशा जागी ताटली ठेवा, शेजारी पांढरा कागद ठेवून व्हाइट बॅलन्स त्यावर पक्का करा आणि खोलीतला दिवा बंद करा. बेदाण्यावर चकाकी येते, तेव्हा खिडकीला पांढरे सुती कापड लावून उजेड मऊ करा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या तंबोऱ्याचा भोपळा तर आरशासारखा चमकतो. त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या चादरी टांगल्या तर त्यात काढणाऱ्याचे प्रतिबिंब येत नाही. अॅमेझॉनवर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा अशी अपेक्षा असते. फोटो मोठा करून पाहता यावा म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल ठेवा.

मूळ फाइल फोनमध्येच सोडू नका. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती तिच्यात साठवलेली असते आणि फोटो आपणच काढला याचा तो चांगला पुरावा आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तयार फोटोबरोबर त्याच वेळी काढलेले चार-पाच फसलेले फोटोही जपा. चोराकडे फक्त लावलेला फोटो असतो, आजूबाजूचे नसतात.

नामांकित ब्रँडच्या अस्सल मालाचा फोटो स्वतः काढून लावणे साधारणपणे सुरक्षित आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ चे कलम ३०(३) रीतसर घेतलेल्या मालाच्या पुढच्या विक्रीला संरक्षण देते. मात्र मालाची अवस्था बदलली असेल, जसे मोठ्या पोत्यातून काढून आपल्या पुडीत भरला असेल, तर ते संरक्षण गृहीत धरू नका. ब्रँडचा लोगो दुकानाच्या बॅनरवर मिरवणे, करार नसताना ‘अधिकृत विक्रेते’ लिहिणे, यावरही तक्रार येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळाले आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये. त्या मानांकनाचे चिन्ह फोटोत किंवा पाकिटावर झळकवायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. आणि दुसऱ्या कंपनीच्या पाकिटाचा फोटो नमुना म्हणून लावाल तर त्यांचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा क्रमांक) तुमच्या पानावर दिसेल. ते प्रकरण कॉपीराइटपेक्षा महागात पडू शकते.

परवानगी मागायचे पत्र

फोनवरच्या होकाराला फारसा अर्थ नाही. परवाना लेखी असावा लागतो. ईमेलवर फोटोच्या मालकाच्या तोंडचा असा मजकूर पाठवून उत्तरात ‘मान्य’ मागवा, मोठे काम असेल तर कागदावर सही घ्या:

“सोबतच्या यादीतील छायाचित्रांचे कॉपीराइट आमच्याकडे आहेत. ही छायाचित्रे आमच्या उत्पादनांच्या विक्रीसाठी आपल्या संकेतस्थळावर, ऑनलाइन बाजारपेठांवर, समाजमाध्यमांवर आणि सशुल्क जाहिरातींत वापरण्याची परवानगी देत आहोत. आकार बदलणे, कापणे व पार्श्वभूमी बदलणे यास संमती आहे. ही परवानगी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, भारतात व भारताबाहेर लागू राहील. तिसऱ्या व्यक्तीने या छायाचित्रांवर हक्क सांगितल्यास त्याचे निराकरण आम्ही करू.”

मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हळद दुबईला किंवा अमेरिकेला पाठवणाऱ्यांना हे नडते. शेवटचे वाक्य लिहायला पुरवठादार कां-कूं करू लागला, तर ते फोटो त्याचे नाहीत असे समजा आणि सोडून द्या.

आलेली पत्रे ठेवायला साधी एक्सेलची वही पुरते. फोटोच्या फाइलचे नाव, कुणी काढला, कुणाकडून आला, परवानगीचा ईमेल कुठे आहे, मुदत कधी संपते, कुठे कुठे लावला. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण तक्रार आली की फोटो कुठून कुठून हटवायचा हे तोच सांगतो. जुन्या फोटोंची सुरुवात करताना सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूंपासून करा. प्रत्येक फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय या प्रतिमा शोधणाऱ्या साधनांत टाकून पाहा. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर तो तुमच्या आधीपासून असेल आणि तुमच्याकडे कागद नसेल, तर आजच काढा.

पैसे मागणारी नोटीस आली तर

काही वेळा प्लॅटफॉर्म बाजूलाच राहतो आणि थेट भरपाईची मागणी येते. घाबरून लगेच पैसे भरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. आधी पानाचा स्क्रीनशॉट जपा, मग फोटो सगळीकडून हटवा आणि शांतपणे उत्तर लिहून या गोष्टी मागा: छायाचित्रावरील मालकीचा पुरावा, नोटीस पाठवणारा मालकाचा प्रतिनिधी असेल तर त्याचे अधिकारपत्र, उल्लंघन कुठे व कधी दिसले, मागितलेल्या रकमेचा आधार. उत्तरात ‘चूक झाली’ असे लिहून मोकळे होऊ नका; ते वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरले जाईल. रक्कम मोठी असेल तर उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या. तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावू शकतो, त्यामुळे तारखांना दिल्लीला जायची वेळ येऊ शकते आणि तडजोड परवडते की नाही हा हिशेब त्यात धरावा लागतो.

तक्रारच खोटी असेल तर

स्पर्धक तुमचाच फोटो उचलतो आणि वर तुमच्याविरुद्ध तक्रार करतो, असेही घडते. अशा वेळी फोटो बदलून मोकळे होणे म्हणजे त्याचे म्हणणे मान्य केल्यासारखे दिसते. मूळ फाइल, सोबतचे न वापरलेले फोटो, स्टुडिओचे बिल जोडून हरकत नोंदवा. शॉपिफाय, इन्स्टाग्राम यांसारख्या ठिकाणी अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रति-नोटीस देता येते. तक्रारदाराने तोवर दावा लावला नाही तर त्या कायद्यानुसार १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावायचा असतो. प्रति-नोटीस शपथेवर असते, म्हणून कागद हाती असेल तरच द्या. भारतीय कॉपीराइट कायद्यातल्या तक्रार-प्रक्रियेत २१ दिवसांची मुदत आहे; तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर मध्यस्थ, म्हणजे प्लॅटफॉर्म, तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध कलम ६० खाली न्यायालयातही जाता येते.

चोरी तुमच्या फोटोची झाली असेल तर आधी पुरावा घ्या, मग त्याला फोन करा. उलट क्रमाने केले तर तो फोटो हटवून मोकळा होतो. पानाचा पूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, शक्य असेल तर तिथून एक ऑर्डर मागवून तिचे बिल. हे न्यायालयात लागले तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून स्क्रीनशॉट कुणी, कोणत्या फोनवरून घेतला तेही त्याच वहीत लिहून ठेवा. कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक असली तरी पाकिटावरचे चित्र आणि वर्षानुवर्षे वापरायचे मुख्य फोटो यांची करून घेणे मला योग्य वाटते; वादात नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो. रोजच्या बाकीच्या फोटोंना मूळ फाइल आणि वहीतली नोंद पुरेशी आहे.